नावापुढची अक्षरं आणि कंसातलं वर्ष

माझ्या एका मित्राचं नेटवर्किंगवरचं पुस्तक येतंय, मराठीत. बारा-पंधरा वर्षं तो पोरांना राउटिंग-स्विचिंग शिकवतोय, आणि डिप्लोमाच्या ज्या पोरांना इंग्रजी पुस्तकाची पहिली दोन पानं उघडूनच घाम फुटतो त्यांच्यासाठी काहीतरी लिहावं हे त्याच्या डोक्यात कधीपासून होतं. पुस्तक लिहून झालं, प्रकाशकाने मलपृष्ठासाठी दोन ओळींचा परिचय मागितला, याने लिहून दिला, नाव आणि नावापुढे सीसीएनए, सीसीएनपी, म्हणजे सिस्को या नेटवर्किंग कंपनीच्या परीक्षा पास झाल्यावर मिळणाऱ्या, ठराविक मुदतीच्या सर्टिफिकेटांची अक्षरं. झालं. जुन्या बॅचमधल्या एकाने विचारलं, 'तुझं सीसीएनपी अजून चालू आहे का रे?' नव्हतं. २०११ ला काढलेलं, २०१४ ला एकदा रिन्यू केलेलं, २०१७ ला संपलं, आणि त्यानंतर याने तिकडे ढुंकून पाहिलं नाही कारण क्लासमधून वेळ नाही आणि परीक्षेची फी डॉलरमध्ये. तिथून जे पेटलं ते दोन रविवार चाललं. एक पार्टी म्हणे ही सरळसरळ फसवणूक आहे, उद्या डॉक्टर पण असंच करायला लागतील. दुसरी पार्टी म्हणे ज्ञान म्हणजे काय दुधाची पिशवी आहे का, तारीख उलटली की नासलं? दोन्हीकडून जोरदार टाळ्या पडल्या, आणि मला राहून राहून वाटत होतं की हे लोक वेगवेगळ्याच गोष्टींवर भांडतायत आणि त्यांना ते कळतही नाहीये.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. संपलेलं सर्टिफिकेशन लेखकाने सांगावं, बिनधास्त सांगावं, पण वर्षासकट. वर्ष गाळून नुसती अक्षरं लावली तर ते खोटं आहे, आणि 'कोणाला कळतंय' म्हणून लावली तर मुद्दाम केलेलं खोटं आहे. याचं कारण असं की सर्टिफिकेशन या एका शब्दात दोन गोष्टी चिकटवलेल्या असतात. पहिली म्हणजे घडून गेलेली घटना, अमुक माणूस अमुक साली परीक्षेला बसला आणि पास झाला. ती कोणी पुसू शकत नाही, सिस्को पण नाही. दुसरी म्हणजे चालू असलेली हमी, की आजच्या तारखेला ती संस्था या माणसामागे उभी आहे, याने अटी पाळल्यात, फी भरलीय, क्रेडिटं जमवलीत. ही दुसरी संपते, पहिली संपत नाही. कडक पार्टी फक्त हमीबद्दल बोलत होती, सैल पार्टी फक्त घटनेबद्दल.

आपल्याकडे याची इतकी छान जोडी आहे की मला आश्चर्य वाटतं त्या दोन रविवारांत ती कोणाला आठवली कशी नाही. रँग्लर आणि बॅरिस्टर. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिल्या वर्गातल्या रँग्लरांमध्ये पहिले, झाले आणि पुढे १९६६ पर्यंत, म्हणजे जाईपर्यंत, अख्खा महाराष्ट्र त्यांना रँग्लर परांजपेच म्हणत राहिला. आणि गंमत अशी की केंब्रिजने १९०९ नंतर ती क्रमवारी जाहीर करणंच बंद केलं, म्हणजे आजच्या भाषेत ते सर्टिफिकेशन रिटायर करून टाकलं. म्हणून कोणी फर्ग्युसनमध्ये जाऊन प्रिन्सिपॉल परांजप्यांना म्हणालं का, सर, आता ते काढा? कशाला म्हणेल, रँग्लर हा एक निकाल होता, लागला तो लागला. बॅरिस्टरचं तसं नाही. तिथे परीक्षा असते पण शेवटी ते एका संस्थेचं सभासदत्व आहे. गांधीजींना इनर टेंपल या लंडनच्या बॅरिस्टरांच्या संस्थेने १८९१ साली बारमध्ये, म्हणजे बॅरिस्टर म्हणून, घेतलं आणि इकडे शिक्षा झाल्यावर १९२२ साली त्यांचं नाव काढून टाकलं, ते परत घातलं थेट १९८८ ला, ते जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर. सावरकरांना तर परीक्षा पास असूनही ग्रेज इन या तशाच दुसऱ्या संस्थेने १९०९ साली बारमध्ये घेतलंच नाही, तरी लोक बॅरिस्टर सावरकर म्हणत आले, प्रेमाने म्हणतात, त्याला कोण अडवणार, पण इनच्या वहीत ते नव्हतं. आता १९२५ साली कोणी लिहिलं असतं की गांधी बॅरिस्टर झाले होते, तर खरं. गांधी बॅरिस्टर आहेत, तर खोटं. आमच्या मित्राचा सगळा वाद या झाले होते आणि आहेत मध्ये बसतो.

कडक पार्टीचं म्हणणं मी हलकं घेत नाही, उलट त्यांचा सगळ्यात दणकट मुद्दा त्यांनी स्वतः नीट मांडलाच नाही. तो असा की नावापुढची अक्षरं मराठीत असोत की इंग्रजीत, लोक ती वर्तमानकाळातच वाचतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात एखादी पोरगी पुस्तक उलटं करून मागचं पान बघते, किंमत बघते, नावापुढची अक्षरं बघते आणि ठरवते. ती काय तिथे उभी राहून सिस्कोच्या साइटवर चेक करणार आहे? आणि करायला गेली तरी व्हेरिफिकेशनचा नंबर लेखकाकडे असतो, तिच्याकडे नाही. म्हणजे तिच्याकडे विश्वासाशिवाय काही साधन नाही, आणि ज्याच्याकडे साधन नाही त्याच्याशी बोलताना जास्त नीट बोलावं लागतं. शिवाय करार असतो. प्रोजेक्ट मॅनेजरांना पीएमपी हे सर्टिफिकेट देणाऱ्या पीएमआय संस्थेचं उदाहरण घ्या, तीन वर्षांत ६० पीडीयू, म्हणजे पुढे शिकत राहिल्याची क्रेडिटं, भरले नाहीत की एक वर्ष सस्पेंड, मग संपलं, आणि सस्पेंड असल्यापासूनच ती अक्षरं वापरायची नाहीत. आपण खाली टिकमार्क करून हो म्हटलेलं असतं, न वाचता का होईना.

आणि शिळ्या ज्ञानाने नुकसान होतं हेही खरंच आहे. पासवर्डचं बघा. दर ९० दिवसांनी पासवर्ड बदला, त्यात एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह घाला, हे एका अख्ख्या पिढीने परीक्षेसाठी पाठ केलं. २०१७ साली एनआयएसटी या अमेरिकेच्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने आपल्या गाइडलाइन्समध्ये उलट सांगितलं, लीक झाल्याचा पुरावा नसेल तर ठराविक दिवसांनी उगाच बदलायला लावू नका, कारण लोक मग शेवटचा १ काढून २ लावतात आणि कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवतात. आता ज्याचं सिक्युरिटीचं सर्टिफिकेट २०१५ ला संपलं आणि ज्याने त्यानंतर काही वाचलं नाही, तो आजच्या पुस्तकात काय लिहील?

पण थांबा. ज्याचं चालू आहे तो काय लिहील? माझा रोजचा अनुभव असा की ९० दिवसांचा नियम आजही ऑफिसा-ऑफिसांत चालू आहे आणि तो चालवणाऱ्या लोकांची सर्टिफिकेटं व्यवस्थित चालू आहेत. कडक पार्टीचा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे, की सर्टिफिकेशन चालू म्हणजे माणूस अपडेटेड. हे तपासून बघू. पीएमपीची परीक्षा जानेवारी २०२१ मध्ये केवढी तरी बदलली, जवळजवळ निम्मा पेपर अजाइल आणि हायब्रिड या काम टप्प्याटप्प्याने करण्याच्या नव्या पद्धतींवर गेला. ज्याने २००६ ला पास होऊन दर तीन वर्षांनी पीडीयू भरले तो या नव्या परीक्षेला कधी बसलाच नाही, तरी तो आज एकदम कायदेशीर पीएमपी आहे. ते पीडीयू मिळतात कशाने, तर वेबिनार ऐकून, आणि हे मला फार आवडतं, लेख-पुस्तकं लिहून सुद्धा. सीआयएसएसपी या सिक्युरिटीच्या सर्टिफिकेटला पण पुस्तक लिहिलं तर क्रेडिट मिळतं. म्हणजे सर्टिफिकेटवर पुस्तक उभं आणि पुस्तकावर सर्टिफिकेट. मायक्रोसॉफ्टची नवीन रोल-बेस्ड, म्हणजे कामाच्या भूमिकेनुसार दिलेली, सर्टिफिकेटं २०२१ पासून एक वर्षाची झाली, रिन्यूअल फुकट, घरी बसून, समोर नोट्स उघड्या ठेवून, जमलं नाही तर परत. मी त्याला वाईट म्हणत नाही, मला तर ती पद्धत आवडते, त्या निमित्ताने माणूस दोन तास नवीन काहीतरी वाचतो तरी. पण मग 'चालू आहे' या शब्दाला जो सोन्याचा मुलामा चढवला जातोय तो थोडा खरवडून बघायला नको का?

आता सैल पार्टी. यांचा चांगला मुद्दा असा की एक्स्पायरी कोण ठरवतं आणि कशासाठी. इतिहास बघितला तर कंपन्यांनी यात इतक्या कोलांट्या मारल्यात की हसू येतं. मायक्रोसॉफ्टने २००० साली जाहीर केलं की विंडोज एनटी ४.० या जुन्या व्हर्जनवर एमसीएसई हे त्यांचं सर्टिफिकेट काढलेल्यांनी २००१ संपायच्या आत विंडोज २००० च्या परीक्षा दिल्या नाहीत तर त्यांचं सर्टिफिकेट गेलं. केवढी बोंबाबोंब झाली. मी तेव्हा त्यातलाच एक, कर्ज काढून क्लास केलेला, नोकरीत जेमतेम चिकटलेला, आणि रोज संध्याकाळी दोस्तांबरोबर अमृततुल्यवर बसून बिल गेट्सला शिव्या घालणं हा कार्यक्रम. मग ऑक्टोबर २००१ मध्ये त्यांनी माघार घेतली, जुनं कोणाचं जाणार नाही, फक्त एनटी ४.० वरचा एमसीएसई की २००० वरचा ते लिहायचं. मग माझं ज्ञान सप्टेंबरमध्ये मरायला टेकलं होतं आणि ऑक्टोबरमध्ये त्याला पालवी फुटली, असं समजायचं का? कॉम्प्युटरची सर्टिफिकेटं देणाऱ्या कॉम्पटिया संस्थेने पण तेच केलं. जानेवारी २०१० मध्ये घोषणा केली की ए प्लस वगैरे आता तीन वर्षांचीच, ज्यांना आधी मिळालीत त्यांची सुद्धा, आणि काही आठवड्यांत शेपूट घालून सांगितलं की २०११ च्या आधीची आयुष्यभर चालतील. अमेरिकेतल्या इंटर्नल मेडिसिनच्या डॉक्टरांचं बोर्ड घ्या, १९९० च्या आधीचं सर्टिफिकेट कायमचं, नंतरचं दहा वर्षांचं, म्हणजे सगळ्यात जुना डॉक्टर तेवढा कायमचा ताजा! त्याच बोर्डाने नंतर नियम एवढे आवळले की डॉक्टर खवळले आणि २०१५ मध्ये बोर्डाला माफी मागावी लागली. आणि लांब कशाला, आपल्या टीईटीचं, शिक्षक पात्रता परीक्षेचं, काय झालं? सात वर्षांची मुदत होती, पोरं नोकरीची वाट बघत बसली, भरती निघेना, तोवर सर्टिफिकेट संपायला आलं, आणि जून २०२१ मध्ये केंद्राने एका फटक्यात २०११ पासूनच्या सगळ्यांची मुदत आजन्म केली. मास्तर तोच, कागद तोच.

तेव्हा संपण्याची तारीख ही ज्ञानाच्या पोटात नसते, ती कोणीतरी टेबलावर बसून ठरवलेली असते आणि बऱ्याचदा त्या टेबलावर गल्ला पण असतो, हे मला शंभर टक्के मान्य. पण इथून सैल पार्टी जी उडी मारते ती मात्र चुकीची. 'म्हणून मी अक्षरं लावणारच.' अरे, पण अक्षरं त्यांची आहेत ना? तुझं ज्ञान तुझं, तुझी मेहनत तुझी, ती तीन-चार अक्षरं मात्र भाड्याची खोली आहे, मालक लबाड असला म्हणून करार संपल्यावर दारावरची पाटी तशीच ठेवता येत नाही. तिथे राहत होतो एवढं सांगता येतं, आणि तेवढं सांगायला कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही.

डिग्री कुठे एक्स्पायर होते, हा त्यांचा हुकमी एक्का. बीई १९९८ ची आजही बीईच. बरोबर आहे, पण डिग्रीने कधी म्हटलं होतं की हा माणूस आज ताजा आहे? तिचं वचनच भूतकाळाचं असतं. आपल्या एमएससीआयटीचं तसंच, २००२ पासून अर्ध्या महाराष्ट्राकडे ते आहे, ज्यांनी फ्लॉपीच्या जमान्यात दिलं त्यांचंही चालतं, कारण एमएससीआयटी नावापुढे लावून कोणी हिंडत नाही, लोक म्हणतात एमएससीआयटी झालेलं आहे. भाषेतच तो निर्णय होऊन गेलाय. सीसीएनपीचं वचन मात्र पहिल्या दिवसापासून मुदतीचं होतं, आणि त्या अक्षरांना बाजारात भाव होता तो त्या मुदतीमुळेच होता. भाव घेताना मुदतीचा घ्यायचा आणि दाखवताना डिग्रीसारखं आजन्म दाखवायचं, ही ताकाला जाऊन भांडं लपवण्यातली गत.

या दोन गोष्टी वेगळ्या करून ठेवणं काही अवघड नाही, जगात खूप ठिकाणी केलंय. अमेरिकेत पायलटच्या सर्टिफिकेटवर एक्स्पायरी नसतेच. एकदा पायलट तो पायलट. पण पॅसेंजर घेऊन उडायचं तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग केलेले हवेत आणि दर २४ महिन्यांनी इन्स्ट्रक्टरबरोबर फ्लाइट रिव्ह्यू हवा. म्हणजे 'तू पायलट आहेस का' आणि 'तू आज उडवू शकतोस का' हे दोन प्रश्न तिथे दोन वेगळ्या कप्प्यांत आहेत. आपल्या लष्करात हुद्दा आजन्म असतो, पण निवृत्त हे नावानंतर लिहायचं, हुद्द्यानंतर नाही, कारण निवृत्त माणूस होतो, हुद्दा होत नाही. सिस्कोने स्वतः सीसीआयई या आपल्या सगळ्यात वरच्या पातळीच्या सर्टिफिकेटांपैकी एकासाठी एमेरिटस, म्हणजे मानाने निवृत्त, असा दर्जा काढला, ज्यांनी दहा-दहा वर्षं ते सांभाळलं आणि आता हातात केबल धरत नाहीत त्यांच्यासाठी. सीसीआयईचे नंबर १०२४ पासून सुरू झाले आणि १०२४ हा नंबर माणसाला न देता त्यांनी त्या लॅबलाच देऊन टाकला होता, हा किस्सा मी वर्गात हमखास सांगतो, पोरांना जाम आवडतो, असो.

बाकीच्यांपेक्षा लेखकाचं प्रकरण वेगळं का, हे मात्र कोणीच बोललं नाही आणि मला तोच कळीचा मुद्दा वाटतो. नोकरी मागणाऱ्याचा बायोडेटा दर महिन्याला बदलता येतो. पुस्तक छापलं की छापलं. समजा माझ्या मित्राने पुस्तक २०१६ मध्ये काढलं असतं, तेव्हा सर्टिफिकेट चालू, सगळं कायदेशीर, कडक पार्टी खूश. २०१७ ला ते संपलं. मग काय दुकानात जाऊन प्रत्येक प्रतीवर काळी पट्टी मारायची? रद्दीच्या दुकानात, कॉलेजच्या लायब्ररीत, कोणाच्या माळ्यावर ते पुस्तक पुढची वीस वर्षं 'आहे, आहे' म्हणत राहणार. म्हणजे वर्ष न लिहिता लावलेली अक्षरं ही चालू सर्टिफिकेटवाल्याच्या पुस्तकात सुद्धा आज ना उद्या खोटी होणारच आहेत, त्यामुळे वर्ष लिहायचा नियम संपलेल्यांना शिक्षा म्हणून लावायचा नाहीये, तो सगळ्यांनाच लावावा लागेल. परीक्षेचं गाइड असेल तर माझी अट अजून एक, लेखक परीक्षेच्या कुठल्या व्हर्जनला बसला ते लिहावं. फेब्रुवारी २०२० मध्ये सीसीएनएचे जवळजवळ सगळे फाटे मोडून एकच परीक्षा आली, २००-३०१ नंबरची, त्यात ऑटोमेशन आलं, जेसन हा डेटा लिहायचा फॉरमॅट आला. फ्रेम रिले हे जुनं तंत्र घोकून पास झालेल्या माणसाचं सर्टिफिकेट क्रेडिटांवर चालू असेलही, पण पोराला उद्या जो पेपर द्यायचाय तो याने पाहिलेला नाही, आणि तिथे 'चालू' या शब्दाने पोराची जास्तच दिशाभूल होईल.

प्रकाशकांचा आक्षेप मला ठाऊक आहे. कंसात २०११ छापलं की पुस्तक जुनाट वाटतं. वाटू दे की! २०११ ला पास झालेला माणूस त्यानंतर रोज वर्गात तेच शिकवत असेल तर ते वर्ष त्याला जड होत नाही, आणि ज्याने २०११ नंतर राउटरला हात लावला नाही त्याला ते जड व्हायलाच पाहिजे. माहितीचं काम तेच असतं. आणि जी सर्टिफिकेटं कंपन्यांनीच गाडून टाकली, जानेवारी २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमसीएसई बंद केलं ते घ्या, नाहीतर सनचं जावा सर्टिफिकेट घ्या, सन कंपनीच २०१० मध्ये ओरॅकलच्या पोटात गेली, ती रिन्यू करून आणायची तरी कुठून? त्यांना वर्षाशिवाय दुसरा मार्गच नाही. मी स्वतः आता 'एमसीएसई, विंडोज एनटी ४.०' असं पूर्ण लिहितो. वाचणाऱ्याला वय आपोआप कळतं, वर्गातली पोरं एनटी म्हणजे काय विचारतात, आणि पाच मिनिटं छान जातात.

मित्राला हे पटलं. लगेच नाही, त्याचं म्हणणं होतं की समोरच्या गल्लीतला क्लासवाला पाच-पाच अक्षरं लावून बसलाय आणि मी एकटाच कसला हरिश्चंद्र बनू, आणि यावर माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं, आजही नाही. पण त्याने नावापुढची अक्षरं काढली आणि खाली परिचयात सरळ वाक्य लिहिलं, सीसीएनपी परीक्षा २०११ साली उत्तीर्ण, २०१७ पर्यंत प्रमाणित. प्रकाशकाकडे जागा कमी म्हणून तिथल्या मुलाने त्याचं आखूड करून फोटोखाली 'सीसीएनपी (२०११–२०१७)' असं बसवलं. परवा प्रूफ आलं. मित्राच्या आईने ते चष्मा लावून बघितलं आणि घाबऱ्याघुबऱ्या विचारलं, 'अरे, फोटोखाली हे असं का छापलंय?' आता डॅश काढून परत वाक्य टाकायचं ठरलंय, त्यासाठी फोटो थोडा छोटा करतायत.